पोटातल्या गाठीचा माग

आज आपण अंडाशयाच्या कॅन्सरचा माग काढण्याच्या एका प्रयत्नाची गोष्ट ऐकणार आहोत.

गर्भपिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. ती इतकी आत असतात की सुरुवातीची गाठ हाताला लागत नाही. त्यामुळे हा आजार बहुतेकदा पसरल्यावरच कळतो. पूर्वी उपचार संपल्यावर काही उरलंय का, हे पाहायला अनेक बायकांचं पोट पुन्हा उघडत. म्हणजे नुसतं बघण्यासाठी दुसरं ऑपरेशन! ते टाळता येईल का, हा प्रश्न होता.

वाट सापडली १९७५ साली, इंग्लंडमध्ये केंब्रिजला. आपल्या रक्तात प्रतिपिंड असतात. एकेक प्रतिपिंड आपली ठरलेली खूण ओळखतो आणि तिला चिकटतो. केलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशींपासून एकाच खुणेचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

वासराच्या ओढीनं निघालेल्या गाईच्या गळ्यात घंटा असेल, तर आवाजावरून वासरूही सापडतं. तसंच डॉक्टरांनी केलं. कॅन्सरची खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला किरण सोडणारा पदार्थ थोडासा बांधला आणि तो शिरेतून दिला. तो जिथे साठला, तिथले किरण बाहेरच्या कॅमेऱ्यानं टिपले.

१९८२ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा तपासण्या प्रसिद्ध केल्या. त्यांचे प्रतिपिंड तयार करायला आईच्या दुधातले स्निग्ध कण उपयोगी पडले होते! त्या कणांवरची खूण अंडाशयाच्या कॅन्सरवरही सापडते. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत ऑन्कोसिंट या तपासणीला परवानगी मिळाली. तिच्यात इंडियम वापरत. सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांनी फोटो काढत.

पण काही गाठी सुटत, तर कधी गाठ नसलेली जागाही उजळे. प्रतिपिंड उंदराचा, म्हणून काहींचं शरीर त्याच्याशीच झगडे. मग पुन्हा तपासणी करणं अवघड. त्यात सीटी आणि पेट स्कॅन सुधारले आणि ऑन्कोसिंट मागे पडली.

तरी ती वाट वाया गेली नाही. आता घंटेऐवजी औषधच प्रतिपिंडाला बांधतात. अंडाशयाच्या कॅन्सरवरच्या तशा एका औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

मात्र त्रास नसताना हा आजार हेरून जीव वाचवेल, अशी तपासणी अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना वर्षानुवर्षं तपासलं, तरी मृत्यू घटले नाहीत, असं २०२१ मध्ये दिसलं. म्हणून आपणच लक्ष ठेवायचं. पोट सारखं फुगतंय, दोन घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, लघवीला वरचेवर जावं लागतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं, तर 'गॅस असेल' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि शेजारणीलाही सांगा.