गागोद्यापासून दत्तपूरपर्यंत

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. जन्म १८९५ चा. त्यांनी सांगितलेला गीतेचा कर्मयोग त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी थेट रुग्णाच्या उशाशी नेला. वर्ध्याजवळच्या खेड्यांतल्या कुष्ठरोग्यांचे हाल दिवाणांना पाहवेनात. दिवाण डॉक्टर नव्हते. तरी १९३६ साली त्यांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं.

१९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने पिचून गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात आले. लोक सावलीलाही उभं करत नसत. गांधीजी मात्र त्यांच्या जखमा स्वतः धूत, अंगाला मालिश करत. पुढे शास्त्रीबुवा दत्तपूरलाच राहिले.

अशाच रुग्णसेवेसाठी मिरजेत ख्रिस्ती मिशनने १८९७ पासूनच परिचारिका घडवल्या होत्या. धर्म निराळे, शुश्रूषा तीच. परिचारिकांच्या इतिहासात दिवाणांनाही मानाचं पान मिळायलाच हवं.