उपाशी कासवांचा इतिहास

१७८०च्या मार्चमध्ये गिल्बर्ट व्हाइट हा इंग्रज पाद्री ससेक्समधल्या रिंगमर गावातून एक कासव आपल्या घरी, हॅम्पशरमधल्या सेलबर्नला घेऊन गेला. कासव त्याच्या आत्याचं. आत्या नुकतीच वारली होती आणि तिने जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळलेला हा जीव भाच्याच्या वाट्याला आला. हिवाळी झोपेतून उकरून काढलं तेव्हा ते रागाने फुत्कारलं. मग खोक्यात माती घालून, त्यात बसवून, घोडागाडीने ऐंशी मैलांचा प्रवास झाला. त्या खडखडाटाने ते इतकं जागं झालं की वाफ्यावर सोडताच बागेच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारून आलं. संध्याकाळी गारठा पडला तसं मऊ मातीत शिरलं, ते पुढे कित्येक दिवस वर आलंच नाही. व्हाइटने ते तसंच राहू दिलं आणि मित्राला लिहायच्या पत्रात नोंद केली. नवं कासव घरी आल्यावर काय करतं आणि माणसाने काय करू नये, हे त्या नोंदीत जवळजवळ सगळं आलं आहे.

खाण्याबद्दल तर त्याने त्याआधीच, १७७०मध्ये, याच कासवाविषयी लिहून ठेवलं होतं: वसंतात बाहेर आल्यावर ते अन्नाला फारसं तोंड लावत नाही, भर उन्हाळ्यात अधाशासारखं खातं, शरदात पुन्हा भूक ओसरते आणि शेवटचे सहा आठवडे जवळपास उपासच. आवडीचं खाणं म्हणजे चिकाच्या वनस्पती: लेट्यूस, डँडेलियन, सो-थिसल. यातल्या शेवटच्या दोन वनस्पती म्हणजे आपल्याकडच्या पाथरीच्या गोतावळ्यातलं तण. आजचे पशुवैद्य भूमध्य सागराकाठच्या कासवांसाठी जी यादी देतात, तिच्यात हीच नावं वरच्या रांगेत असतात. फक्त लेट्यूस खाली घसरलं आहे, कारण त्यात पाणी फार आणि कॅल्शियम कमी. ही पत्रं १७८९ सालच्या पुस्तकात आली आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. म्हणजे माहिती होती, छापलेली होती, घरोघरी पोचलेली होती. तरी पुढची दोनेकशे वर्षं ब्रिटनमधल्या बागांत आणलेली कासवं अर्धपोटी मरत राहिली. माझ्या मते याचं कारण अज्ञान नव्हे, स्वस्ताई. जो जीव काही शिलिंगांत पुन्हा मिळतो, त्याच्या ताटात काय पडतं याकडे कोणी फार बारकाईने बघत नाही.

ही स्वस्ताई कशी आली तेही पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या रस्त्यांवर कासवं विकली जात होती. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या विक्रेत्यांचीही दखल आहे. विसाव्या शतकात त्याचा पक्का व्यापार झाला. आधी मोरोक्को, पुढे तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हिया इथल्या माळरानांवरून कासवं गोळा करायची, पेट्यांत एकमेकांवर रचायची आणि बोटीने पाठवायची, असा क्रम होता. वाटेत चारा-पाणी नाही. ती पोचायची वसंतात, म्हणजे हिवाळाभर न खाल्लेली, प्रवासात सुकलेली आणि ओल्या गार हवेत येऊन पडलेली. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून ती मुलांच्या हाती जायची. मग दूध-पाव, टोमॅटो, कोबीचं पान. कुठे कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधलेली, कुठे पाठीवर रंगाने नाव लिहिलेलं. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमातल्या कासवाच्या पाठीवरही नाव होतं. ते आधी फ्रेड होतं, मग मादी निघाली म्हणून फ्रीडा झालं. व्हाइटचं ‘टिमोथी’ नावाचं ते कासवसुद्धा मादीच होतं, हे तिच्या मरणानंतर कवच तपासल्यावर कळलं. पाळलेल्या प्राण्याकडे माणूस किती बघतो, याचा अंदाज यावरून यावा.

दूध-पावाने बिघडतं काय? या कासवांचं पोट तंतुमय पाल्यासाठी घडलेलं आहे. आतड्यातले सूक्ष्मजीव तो पाला सावकाश आंबवतात आणि त्यातून पोषण मिळतं. दूध त्यांना पचत नाही आणि साखर व पिष्ट त्या सूक्ष्मजीवांचा मेळ मोडतात. दुसरं, हा थंड रक्ताचा प्राणी आहे. अंग तापल्याशिवाय त्याला भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. व्हाइटचं कासव भिंतीला कवच टेकवून तिरकं व्हायचं आणि मावळतीकडच्या ऋतूतलं अशक्त ऊन अंगावर घ्यायचं. त्या भिंतीची ऊब ही त्याच्या जेवणाचाच भाग होती. म्हणून नवं कासव खात नसेल तर पहिला प्रश्न ‘काय घातलंत?’ हा नसून ‘ऊन किती मिळतं?’ हा असतो. त्याखालोखाल कोमट पाण्यात बसवणं, लपायला जागा देणं आणि सतत न हाताळणं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. जुनी पद्धत इतकी वाईट होती, तर टिमोथी १७९४पर्यंत, पाच दशकांहून जास्त, कशी जगली? कँटरबरीचे आर्चबिशप लॉड यांचं लँबेथ राजवाड्यातलं कासव तर १६३३पासून १७५३पर्यंत जगलं आणि शेवटी माळ्याच्या हलगर्जीपणाने मेलं, असं सांगतात. पण या दोघांना भिंतीआडची बाग मिळाली होती. कोणी काही वाढलं नाही तरी ती स्वतःचं वेचून खात होती. शिवाय जगलेल्या कासवाची आठवण राहते. पहिल्याच हिवाळ्यात गेलेल्याला परसात पुरलं जातं आणि पुढच्या वर्षी दुसरं येतं. ‘झोपेतच गेलं’ असं घरचे म्हणत. खरं तर चरबी न साठवता झोपायला लावल्यामुळे ते गेलेलं असे. ते कळायचं नाही, कारण कुत्रा रोडावला की बरगड्या दिसतात, कासवाची हाडं मात्र कवचाआड जातात. महिनोन्‌महिने उपाशी राहूनही ते जिवंत दिसतं, थोडं चालतं, आणि मालकाला वाटतं की रुळलं.

याच जातकुळीतल्या दोन स्टेप कासवांनी तर सप्टेंबर १९६८मध्ये सोव्हिएत झोंड-५ यानातून चंद्राला वळसा घातला. यान हिंदी महासागरात उतरलं, बोटीने मुंबईला आणलं गेलं आणि इथून विमानाने मॉस्कोला गेलं. तपासणीत कासवांचं वजन सुमारे दहा टक्के घटलेलं आढळलं, पण भूक शाबूत होती. चंद्रप्रवासातही तराजू लावला म्हणून ती घट कळली. परसातल्या कासवाला तो कोण लावणार? ब्रिटिश पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी शेकडो वजनं आणि कवचाची लांबी यांची सांगड घालून १९८०मध्ये तक्ता मांडला, तेव्हा कुठे हिवाळ्याआधी कासव पुरेसं भरलेलं आहे का, हे घरबसल्या तपासता येऊ लागलं.

दुसरा आक्षेप असा की कासवांचे हाल कमी झाले याचं श्रेय विज्ञानाचं, १९८४च्या आयातबंदीने आलेल्या टंचाईचं नव्हे. जॅक्सन यांचा तक्ता त्या बंदीच्या आधीचाच आहे. हे मान्य. अतिनील किरणांचे दिवे आणि आर्द्रतेचं गणितही पुढच्या संशोधनातून आलं. कवचावर उंचवटे येतात ते फक्त जास्त प्रथिनांमुळे, हा समज व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३मध्ये आफ्रिकी कासवांवरच्या प्रयोगातून मोडला. कोरडी हवा हे त्याहून मोठं कारण निघालं. पण डँडेलियन उपटून घालायला प्रयोगशाळा लागत नव्हती. असे साधे सल्ले घराघरांत पाळले जाऊ लागले ते १९८४नंतर, जेव्हा युरोपीय समुदायाने भूमध्य सागराकाठच्या कासवांची व्यापारी आयात बंद केली आणि एका कासवाची किंमत एकदम वाढली. त्यानंतर पाळणाऱ्यांनी अंडी उबवायला, पिल्लांचं वजन टिपायला, तण पेरायला सुरुवात केली. व्यापारी मात्र मध्य आशियातल्या स्टेप कासवाकडे वळले आणि जुनी कथा नव्या जातीवर पुन्हा घडली. बंदीचं हे अपयश झाकायचं कारण नाही. उलट त्यातून माझंच म्हणणं बळकट होतं: माल स्वस्त झाला की शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही.

भारतात हा प्रश्न ताटापर्यंत पोचायचं कारणच नाही. आपल्याकडे लोक ‘शुभ’ म्हणून जे स्टार कासव घरी आणतात, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९मध्ये पूर्ण बंद झाला आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेलं. ते विकत घेणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. कोणी विकताना दिसलं तर वनविभागाला कळवा. ब्रिटनमधल्या मराठी घरात मुलांसाठी कासव घ्यायचं ठरलंच, तर तिथे जन्मलेलंच घ्या, भूमध्य सागरी जातीचं असेल तर विक्रेत्याकडून प्रमाणपत्र मागून घ्या, आणि ते आणण्याआधी उन्हाची जागा व तणांचा वाफा तयार ठेवा.