मुलाला ‘भूत दिसते’ तेव्हा : पालक आणि कार्यकर्त्यांनी काय करावे?

“कोपऱ्यात कुणीतरी उभे आहे”, “गेलेली आजी रात्री येते” असे लहान मूल सांगू लागले की घरात बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, “बाहेरचे काहीतरी आहे” म्हणत भगताकडे धाव. दुसरी, “आपण बौद्ध आहोत, भूतबीत काही नसते, गप्प बस” असे दरडावणे. दोन्हींत मूल एकटे पडते. म्हणून नाशिकच्या वस्त्यांत काम करणारे तरुण आणि पालक यांच्यासाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

मूल खोटे बोलते का?

बहुतेक वेळा नाही. लहान वयात काल्पनिक सोबती असणे सर्वसाधारण आहे. झोप लागताना किंवा जाग येताना आकृती दिसणे, हाक ऐकू येणे हे मोठ्यांनाही होते. झोप लागल्यावर थोड्याच वेळात किंचाळून उठणारे आणि सकाळी काहीच न आठवणारे मूल सहसा झोपेच्या विकाराने घाबरलेले असते. वय वाढते तसा हा त्रास बहुधा थांबतो. जवळचे माणूस गेल्यावर ते दिसणे हा दुःखाचाच भाग असतो. तापाच्या ग्लानीतही भास होतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- दिवसा, पूर्ण जागेपणी भास होत असतील
- आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील
- शाळा, खेळ, जेवण, झोप सुटली असेल
- झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल किंवा डोके सतत दुखत असेल

आधी बालरोगतज्ज्ञ, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणखी एक गोष्ट विसरू नये. “रात्री कुणीतरी येतो” हे वाक्य एखाद्या जिवंत माणसाबद्दलही असू शकते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर १०९८ वर कळवावे. २०१२ चा पोक्सो कायदा अशा मुलांसाठीच आहे.

कायदा काय सांगतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पालकांनी परवानगी दिली म्हणून मांत्रिक सुटत नाही.

धम्माची वाट

बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारलेले आहे. त्र्यंबकेश्वर आपल्याच जिल्ह्यात असल्याने ‘नारायण नागबळी करून घ्या’ हा सल्ला चटकन मिळतो. तो नाकारावाच, पण त्याच्या जागी परित्राण पाठाला मंत्र आणि धाग्याला ताईत बनवले, तर फक्त भगत बदलला, भीती तीच राहिली.

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात बुद्ध स्वतःच्या भीतीविषयी सांगतात. रात्री अरण्यात हरीण आले, मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाने सळसळली की भीती दाटून येई. ते पळाले नाहीत आणि भीती नाकारलीही नाही. ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत राहून त्यांनी ती पाहिली आणि शमवली.

मुलासोबत हेच करता येते. “काय दिसले? कुठे? तेव्हा तू काय करत होतास?” असे शांतपणे विचारावे. सोबत दिवा लावून कोपरा पाहावा. काय दिसले ते कागदावर काढू द्यावे. चेष्टा करू नये, “हो, भूत आहे” असेही म्हणू नये. भुताच्या मालिका, रात्रीचा मोबाईल बंद करावा, झोपेची वेळ ठरवावी. इगतपुरीच्या धम्मगिरी परंपरेत मुलांना आनापान शिकवतात. त्याने मन शांत व्हायला मदत होते, मात्र ते आजारावरचे औषध नव्हे.

वस्तीत असे घर कळले तर कार्यकर्त्यांनी वाद घालायला जाऊ नये. आधी मुलाच्या आईचे ऐकून घ्यावे, मग दवाखान्यापर्यंत सोबत जावे. रात्रभर जागलेल्या आईला त्या वेळी सोबतीची गरज असते. आपण गेलो नाही, तर तिथे भगत पोहोचतो.