दिनविशेष : १२ सप्टेंबर – ड्रमवादक आणि कथाकार

कॅनडाच्या ‘रश’ या रॉक बँडचा ड्रमवादक नील पिअर्ट याचा जन्म १९५२ साली आजच्याच दिवशी हॅमिल्टन इथे झाला. १९७४मध्ये तो बँडमध्ये आला. पुस्तकी किडा असल्याने गाणी लिहिण्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. जगभर नाव झाल्यावर, चाळिशी ओलांडून तो ड्रमशिक्षक फ्रेडी ग्रुबर यांच्याकडे पुन्हा शिकायला बसला आणि ड्रमची काठी धरण्याची पद्धतच बदलली. (एवढं धाडस किती जण करतील?) ड्रमच्या जोडीला त्याने कथालेखनही केलं. आफ्रिकेत सायकलवर भटकणाऱ्या ड्रमवादकाला एका गावात विलक्षण ड्रम सापडतात, अशी ‘ड्रमबीट्स’ ही भयकथा त्याने लेखक केव्हिन अँडरसनसोबत लिहिली. ‘रश’च्या ‘क्लॉकवर्क एंजल्स’ या अल्बममधली त्याची गोष्ट अँडरसननेच २०१२मध्ये कादंबरीत उतरवली. ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कर्करोगाने पिअर्टचं निधन झालं.