शिकारीवर बंदी आहे, तरी शिकारीची रायफल विकत मिळते. पण ती निवडताना कुणाचं ऐकायचं?

निफाड, येवला, इगतपुरी भागातल्या एखाद्या जुन्या घरात आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडतो. डोक्यावर हॅट, हातात लांब नळीची रायफल. कधीकधी फोटोतली रायफलही अजून घरातच असते, तेल लावून कपाटात ठेवलेली. आजोबा सत्तरीपुढे गेले की विषय निघतो. परवाना आता कुणाच्या नावावर करायचा? आणि हीच ठेवायची, की विकून नवी घ्यायची?

मग सल्ले सुरू होतात. मामा सांगतात, जुन्या इंग्लिश रायफलीला हात लावू नकोस, तशी आता मिळणार नाही. मित्र म्हणतो, सरकारी कारखान्याची नवी घे, गोळ्या तरी मिळतील. तिसरा कुणी छातीठोकपणे सांगतो, आमची शंभर मीटरवर नारळ चुकवत नाही. तिघंही खरं बोलत असू शकतात. तरीही त्यातल्या एकाचाही सल्ला तुमच्या उपयोगाचा नसेल, असंही होऊ शकतं.

आधी कायदा, कारण अर्धी निवड तोच करतो

ही रायफल शिकारीसाठी घेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि आजोबांच्या फोटोतलं जग तिथंच संपलं. बिबट्या, काळवीट हे प्राणी अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांची शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. गुन्ह्यात वापरलेलं, जप्त झालेलं हत्यार सरकारजमा होतं ते वेगळंच. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याकडून परवानगी मिळू शकते, पण ती लेखी असावी लागते आणि तिला अटी असतात. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. या दोन कागदांची गल्लत करून अडचणीत येणारे बरेच असतात.

नाशिककरांनी आणखी एक कलम माहीत करून घ्यावं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, म्हणजे २०२० साली रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ क्षेत्र, हे अभयारण्यच आहे. आजूबाजूच्या कितीतरी गावांना हे कलम लागू होतं.

परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली.

.३१५ बोअर आलं कुठून?

बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे कडीसारखी मूठ वर उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं, मूठ पुढे ढकलून खाली दाबली की नवं काडतूस आत जाऊन बसतं. दरवेळी हातानेच करायचं. भाग कमी, बिघाड कमी, आणि गोळी सुटताना कडी घट्ट बंद असल्याने नेमही चांगला. म्हणून शंभर वर्षांहून जुनी असूनही ही रचना टिकली.

भारतात या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे .३१५ बोअर. जगात इतरत्र हे बोअर फारसं कुणाला माहीतही नसतं. ब्रिटिश फौजेचं काडतूस .३०३ होतं. ते सामान्य माणसाच्या हाती गेलं तर फौजेतून चोरलेल्या गोळ्या बाहेर चालतील, ही सरकारची भीती. म्हणून .३०३ वर बंदी आली. मग बंदूक कंपन्यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं आठ मिलिमीटरचं मॅनलिखर काडतूस उचललं, ते ली पद्धतीच्या रायफलीत बसवलं आणि .३१५ म्हणून हिंदुस्थानात विकलं. साहेब गेला, .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे आणि .३१५ आजही सरकारी कारखान्यात बनतं.

आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. रायफली आता कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आहेत, काडतुसं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. जुन्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी खूण दिसली तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं समजायचं.

दुसरा सरकारी पर्याय .३०-०६ चा. हे मूळचं अमेरिकन सैन्याचं १९०६ सालचं काडतूस. गोळी वेगवान, त्यामुळे लांबवर कमी खाली पडते. .३१५ ची गोळी जड आणि मंद, शंभरेक मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे ती झपाट्याने खाली येते. .३०-०६ चा धक्का जोरदार असतो आणि काडतूस सगळीकडे मिळत नाही. तिसरा पर्याय जुन्या परदेशी रायफलींचा. १९८० च्या दशकापासून खासगी आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे आधी आलेल्याच रायफली हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत गुणांपेक्षा दुर्मिळतेवर ठरते.

मालक काय सांगतात, आणि ते कसं ऐकायचं

पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "तुम्ही या रायफलीतून आजवर किती गोळ्या झाडल्यात?" परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते लिहिलेलं असतं, काडतुसं महाग असतात आणि झाडायला जागा नसते. त्यामुळे वीस वर्षं रायफल बाळगलेल्या माणसाने पन्नास गोळ्याही झाडलेल्या नसतील. त्याचं मत खोटं नसतं, पण ते वापराचं मत नसतं, बाळगण्याचं असतं. दिसते कशी, गंजते का, परवाना नूतनीकरणाला काय त्रास होतो, हे त्याला विचारा. नेमाबद्दल दुसऱ्याला विचारा.

नारळाची गोष्टही तशीच. तीन गोळ्या एका जागी लागल्या तर त्यात नशीब किती आणि रायफल किती, हे कुणालाच सांगता येत नाही. दहा गोळ्या, टेकू देऊन, एकाच प्रकारच्या काडतुसांनी झाडल्या आणि कागद जपून ठेवला असेल, तर तो कागद दहा गप्पांपेक्षा मोलाचा. असा कागद दाखवणारा मालक क्वचितच भेटतो.

सरकारी .३१५ बद्दलची मतं दोन टोकांची असतात. कुणी म्हणतं मजबूत, कुणी म्हणतं ट्रिगर जड आणि लाकूडकाम ओबडधोबड. प्रत्येक नग सारखा निघत नाही ही मालकांची नेहमीची तक्रार आहे, आणि ती मान्य केली तर दोन्ही मतं एकदम खरी ठरतात. म्हणजे 'ही रायफल कशी आहे' हा प्रश्नच अपुरा आहे. दुकानात समोर ठेवलेला नग कसा आहे, ते बघावं लागतं.

'ली चांगली की माउझर' या वादातही तेच होतं. ली पद्धतीत कडी मागच्या बाजूला अडकते, ओढायला हलकी आणि झटपट. माउझर पद्धतीत ती पुढे, काडतुसाजवळ अडकते, त्यामुळे ताकदवान काडतुसांना जास्त भक्कम. एक मालक वेगाचं कौतुक करत असतो, दुसरा मजबुतीचं. भांडण मात्र एकाच गोष्टीवर चाललंय असं दोघांना वाटतं.

ज्याने घरची जमीन विकल्यासारखा पैसा घालून जुनी परदेशी रायफल घेतलीय, तो तिला नावं ठेवील ही अपेक्षाच करू नये. विकायला निघालेला तर नाहीच नाही.

हातात घेतल्यावर

नळीतून उजेडाकडे बघा. आतले पीळ स्पष्ट दिसायला हवेत, खड्डे किंवा काळपट गंज नको. पूर्वीच्या बऱ्याच काडतुसांचा मसाला नळी गंजवणारा होता, झाडल्यावर साफ केली नाही तर आतून खराब व्हायची. बाहेरून चकचकीत आणि आतून गेलेली रायफल म्हणूनच मिळते. नळीवर चाचणीचा शिक्का आहे का आणि नंबर परवान्यातल्या नंबराशी जुळतो का, तेही बघा. खांद्याला लावून डोळे मिटा, उघडा. माशी समोर दिसली तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. दुर्बीण लावायची असेल तर ती बसवायची सोय आधी तपासा, जुन्या ली रायफलींवर ते सोपं नसतं.

एक धोका मात्र विसरू नका. बोलीभाषेत 'एट एमएम' म्हटली जाणारी काडतुसं एकापेक्षा जास्त प्रकारची आहेत. .३१५ चं आणि जर्मन माउझरचं काडतूस वेगळं. नळीवर कोरलेलं बोअर आणि डब्यावरचं नाव जुळल्याशिवाय काडतूस आत घालायचं नाही. आजोबांच्या डब्यातली जुनी काडतुसं तर नाहीच.

नेमबाजीच शिकायची असेल तर गणित बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं, तो प्रकार .२२ रायफलीचा आहे, शिकारीच्या बोअरचा नाही. आधी रायफल क्लबात क्लबच्या बंदुकीवर हात बसवावा, मग खरेदी.

आणि घरातल्या रायफलीचं? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की तो हयात असतानाच वारसाचं नाव सुचवू शकतो. त्या वारसाला नवा परवाना मिळू शकतो, त्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. परवाना हाती येईपर्यंत रायफल आजोबांच्याच नावावर आणि त्यांच्याच ताब्यात राहते.