भाकरीचा इतिहास कुणी लिहायचा?



दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. सायकल मारत घरी यायला साडेबारा. केसांत कापूस, कानात रिंगफ्रेमचा आवाज तसाच. घरातले झोपलेले. शेगडीजवळ एका ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं असतं. खाली दोन भाकरी, वाटीत येसराची आमटी, शेंगाची चटणी, कांदा. चार वर्षं मी हे ताट उघडतोय. जेवतो, हात धुतो, वही काढतो आणि कविता लिहितो. कविता शोषणावर. श्रम कुणाचा आणि फळ कुणाला, यावर. आणि चार वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की ही भाकरी कुणी थापली, किती वाजता थापली, आणि थापण्याआधी ती बाई कुठून काम करून आली होती.

हा लेख त्या ताटाचा इतिहास आहे. मी काही शिकलेला इतिहासकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. जे वाचलं ते वाचनालयात आणि पाळीच्या सुट्टीत. बाकीचं आजीनं सांगितलं. पण आपला इतिहास आपण नाही लिहायचा तर कुणी लिहायचा? ज्यांच्या घरात स्वयंपाकाला बाई येते, ते आपल्या चुलीवर काय लिहिणार!

सुरुवात गावापासून करू.

माझा पणजा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात येसकर. पाळी आली की खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि दिवेलागणीला दारोदार भाकरी मागायची. बावन्न हक्कांच्या गोष्टी आपले म्हातारे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्यातला रोजच्या पोटाचा हक्क हा असा होता : दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी, वरून टाकलेली. ज्वारीची, बाजरीची, ताजी, शिळी, सगळी एकाच टोपल्यात. तिच्या बदल्यात सांगावे न्यायचे, सरकारी ओझी वाहायची, मेलेलं जनावर ओढायचं. इंग्रजांनी १८७४ साली वतनाचा कायदा केला आणि ही गुलामी कागदावर पक्की केली.

मेलेलं जनावर म्हंजे मांस. ते एका दिवसात संपत नाही. मग लांब पातळ पट्ट्या कापायच्या आणि उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की गाडग्यातून काढायच्या आणि शिजवायच्या. यात आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. लाज ज्यांनी ही वेळ आणली त्यांची. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, ते म्हणूनच मोलाचं काम. आजवरच्या पाककृतींच्या पुस्तकांना हे अन्न माहीतच नव्हतं. माहीत असून नव्हतं, असंही म्हणा.

मग १९२७ आलं. २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो, हे आपल्या पोराटोरालाही पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट बजावली : मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा. पुढच्याच वर्षी, १९२८ ला, त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचा कायदा बदलायचं बिल मांडलं. वतन पुरतं गेलं ते मात्र १९५८ च्या कायद्यानं.

आता माझा प्रश्न असा. ज्या दिवशी आपल्या वाडीनं तुकडा सोडला, त्या दिवशी संध्याकाळी घरात काय शिजलं?

आजीला तिच्या सासूनं सांगितलं ते असं : "तुझा सासरा टोपलं फेकून आला. लय मोठं काम केलं. पन घरात पीठ नव्हतं. म्या दुसऱ्या दिवसापासनं खुरपायला गेले." हे वाक्य मी दहा वेळा ऐकलं असेल आणि दहाही वेळा त्यातलं टोपलंच मला दिसलं. पीठ दिसलं नाही. मागून आणलेली भाकरी तयार असायची. स्वाभिमानाची भाकरी पिठापासून करावी लागते. पिठाच्या आधी दाणे, दाण्याच्या आधी रोजगार. तुकडा सोडायचा ठराव पुरुषांनी सभेत केला. तो पाळायचं काम बाईच्या अंगावर आलं, आणि तिनं ते बिनबोभाट पाळलं. मित्रांनो, हा इतिहास आहे.

दाणे दळायचे कसे? जात्यावर. पहाटे तीनला उठायचं, दिवसाचं पीठ काढायचं आणि उजाडायला शेतावर. जात्यावर आपल्या बायांनी भीमाच्या ओव्या गायल्या, त्या आपण आता गोळा करतो, छापतो, वाखाणतो. पण ओवी म्हणणारी बाई अर्धी रात्र जागी होती, हे त्या ओवीखाली कुणी छापत नाही.

आपल्या भाषेत गिरणी दोन. एक सुताची, एक पिठाची. सुताच्या गिरणीवर किती लिहून झालं. पिठाच्या गिरणीनं आपल्या बाईचे रोजचे दोन-तीन तास वाचवले, त्यावर ओळ नाही. आजीच्या गावात इंजनाची चक्की आली तेव्हा तिचा डबा रांगेत मागं सारायचे. "इंजनाला जात कुठली, जात इंजनवाल्याला," असं ती म्हणते. तरी ती डबा घेऊन जायची. कारण पहाटेची झोप मिळत होती.

आता त्या ताटाकडं या. दिवसभर राबणाऱ्या बाईनं घाईत स्वयंपाक कसा करायचा, याचं शास्त्र आपल्या आयांनी केव्हाच तयार केलंय. बाजारात आता पाकिटं मिळतात, दोन मिनिटात अमुक, पाच मिनिटात तमुक. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या येसर आहे. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजायची. धणे, मिरची, मसाला भाजायचा. सगळं एकत्र दळून डब्यात भरायचं. कामावरून आलं की फोडणी द्यायची, पाण्यात कालवलेलं येसर सोडायचं, मीठ टाकून उकळी आणायची. आमटी तयार. भाजी नको, डाळ शिजवायला नको. रविवारी भाजायचं आणि आठवडाभर खायचं. हुलग्याचं माडगं तसंच, शेंगाची चटणी तशीच.

आमच्या सोलापूरची कडक भाकरी बघा. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, आणि मग चुलीपुढं मंद आरावर उभी करून तिच्यातलं सगळं पाणी जाईस्तोवर वाळवायची. पाणी गेलं की बुरशी येत नाही. महिनाभर ठेवा, प्रवासाला न्या, आमटीत चुरा. आज ती पाकिटात घालून दुकानात विकतात. तिच्यामागं चव आहेच, पण त्याहून जास्त वेळेची टंचाई आहे. रोज थापायला सवड नसलेल्या घरानं एका दिवशी चूल पेटवून पुढच्या दिवसांची भाकरी करून ठेवली.

आणि साधी भाकरी साधी असते, असं म्हणणाऱ्यानं एकदा करून बघावी. गव्हात चिकटपणा देणारं ग्लुटेन असतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नसतं. म्हणून गरम पाणी घालून पीठ मळावं लागतं, तळहातानं रगडावं लागतं, आणि काटवटीत फिरवत फिरवत थापावं लागतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. हात जरा चुकला की चिरते. गिरणीत सूत जोडायला मला तीन महिने शिकवलं आणि त्याला प्रशिक्षण म्हणाले. आईला भाकरी कुणी शिकवली? आठव्या वर्षी तिला काटवटीपुढं बसवलं आणि त्याला संसार म्हणाले.

आजा मुंबईला गेला, गिरणीत लागला. तिथंही आधी जातीचंच माप. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला सूतखात्यात घ्यायचे, विणकाम खात्यात घ्यायचे नाहीत. तिथं पगार जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, मग बाट होतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडा पाडला. म्हंजे तोंडाला लागणारी गोष्ट तळ्यात आणि गिरणीत एकच होती. खानावळीतही तेच. खानावळी जातीजातीच्या, गाववाल्यांच्या. दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई वीस-पंचवीस गिरणीवाल्यांना जेवू घालायची. तीन पाळ्यांत माणसं येणार, म्हणून तिची चूल तीन पाळ्या चालायची. तिला ना हजेरी, ना बोनस, ना फंड. आजा अशाच एका आपल्या बाईकडं सतरा वर्षं जेवला. तिचं नाव विचारलं तर म्हणायचा, "मावशी म्हनायचो." १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं खानावळवाली ही कामगार आहे हे दिसलं.

आजा मुंबईत, आजी गावात. १९७२ चा दुष्काळ पडला. आजी खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. "मिलोची भाकरी थापली की मोडायची. मोडली तर मोडली, तुकडं गोळा करून पोरांना द्यायचे," आजी सांगते. त्या काळातल्या रोजगाराच्या लढ्यातून १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. तो कायदा खडी फोडणाऱ्या बायांनी मिळवला, असं मी म्हणतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पगार बंद, मावशीची उधारी थकली, आणि आजा वळकटी घेऊन गावी आला. गिरणी गेली. पण घरात चूल पेटतच राहिली. कुणाच्या कमाईवर? आजीच्या.

आता माझी गोष्ट, आणि मग थांबतो.

गेल्या जयंतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी बैठक होती. बारा कार्यकर्ते. विषय, समतेची चळवळ आणि आजचं आव्हान. आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. सातला घरी आली, चप्पल काढली आणि काटवट घेतली. आम्ही दहापर्यंत बोललो. मीही अर्धा तास बोललो, टाळ्या पडल्या. आईनं तीस भाकरी केल्या. आम्ही जेवून उठलो तेव्हा आमटी संपली होती. आई चटणीशी जेवली. माझी धाकटी बहीण बारावीला आहे. ती भांडी घासता घासता म्हणाली, "दादा, तुझ्या भाषणात आई कुठंच नव्हती रे."

मला राग आला. मग झोप आली नाही.

नागपूरला २० जुलै १९४२ ला आपल्या बायांची मोठी परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीनं उभ्या राहा, गुलाम होऊ नका. ते भाषण मी पोस्टरवर लिहिलेलं आहे, स्वतःच्या हातानं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. चळवळीतल्या बाया हुडकून, त्यांच्याशी बोलून लिहिलं. तेही माझ्या फळीवर आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीचा आकडाही मला पाठ आहे : घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालते, आणि करणारा पुरुष ९७. सगळं पाठ होतं. फक्त काटवट कुठल्या फळीवर असते ते माहीत नव्हतं.

आता पहिली पाळी असली की संध्याकाळच्या भाकरी मी करतो. पहिल्या दिवशी पाच केल्या, पाचही चिरल्या. आई हसली नाही. म्हणाली, "पानी अजून कढू दे." महिना झाला, आता दहातल्या सहा फुगतात. येसर बहीण आणि मी मिळून भाजतो. आई त्या वेळात काय करते? पहिले चार दिवस तिला सुचेना. उगाच उठायची, डबे पुसायची. आता दारात बसते, शेजारणीशी बोलते. परवा तिनं मला १९७२ ची एक गोष्ट सांगितली, जी तिला तिच्या आईनं सांगितली होती. इतकी वर्षं का सांगितली नाही, विचारलं. म्हणाली, "बसायला कवा मिळालं?"

मित्रांनो, आपल्या आयांजवळ इतिहास पडलाय आणि त्यांना बसायला सवड नाही. वही-पेन घेऊन त्यांच्यापुढं जाऊ नका. आधी पीठ मळायला घ्या. बोलतील.