पहिल्या पानाची चढाओढ

ग्रंथ लिहिणे हे एक काम, आणि तो शोधणाऱ्याच्या हाती पडणे हे दुसरे. पहिल्या कामाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दुसऱ्याचा क्वचितच कोणी सांगतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात कॅलिमॅकस या कवीने तेथील ग्रंथांची मोठी सूची रचली. ती १२० गुंडाळ्यांची होती, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकात पॅरिसच्या डोमिनिकन भिक्षूंनी बायबलातील कोणता शब्द कोठे आला आहे, याची सूची तयार केली. या दोन्ही उद्योगांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लेखक वेगळा होता आणि सूचीकार वेगळा. सूचीत आपले नाव वर लागावे म्हणून कोणी ग्रंथ लिहिला नव्हता.

हा निरागसपणा विसाव्या शतकात मावळू लागला. टेलिफोनची डिरेक्टरी वर्णानुक्रमे छापली जाई. तेव्हा अमेरिकेतील काही दुकानदारांनी आपल्या पेढीच्या नावाआधी एकापुढे एक 'ए' ही अक्षरे जोडली आणि यादीत पहिला क्रमांक पटकावला. नावाला अर्थ राहिला नाही. पण गिऱ्हाईक आले. आजच्या आमच्या विषयाचे, म्हणजे शोधयंत्रात वर येण्यासाठी केलेल्या लेखनाचे, बीज येथेच सापडते.

सर्च इंजिन, म्हणजे शोधयंत्र, ही १९९० नंतरची गोष्ट आहे. त्या वर्षी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 'आर्ची' निघाले. ते केवळ फायलींची नावे शोधी. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 'याहू'ची यादी सुरू केली. ती माणसे निवडून करीत. त्याच वर्षी 'वेबक्रॉलर' हे यंत्र पानावरील प्रत्येक शब्द नोंदू लागले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' आले. आता पाने इतकी झाली होती, की कोणते आधी दाखवावे हा प्रश्न माणसाच्या आवाक्याबाहेर गेला.

यंत्राला अर्थ कळत नव्हता; त्याला खुणा मोजता येत. जो शब्द विचारला तो ज्या पानावर अधिक वेळा, ते पान त्या विषयाचे, असा साधा हिशेब होता. जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो त्याला अधिक वजन द्यावे, हा विचार कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ मध्ये मांडला होता. परंतु ही शास्त्रे ग्रंथालयांच्या शांततेत वाढलेली होती. तेथे शब्द मोजले जाणार आहेत म्हणून कोणी शब्द वाढवीत नव्हते. वेब हा तर भरलेला बाजार!

बाजाराने हिशेब ओळखावयास वेळ लावला नाही. एकच शब्द पानावर पन्नास वेळा लिहिला जाऊ लागला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या रांगा लपविल्या गेल्या. वाचकाला त्या दिसत नसत, यंत्राला दिसत. पानाच्या मागे कळीचे शब्द सांगण्यासाठी एक जागा ठेवली होती, तिच्यात वाटेल ते भरले गेले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर दुसरे काय व्हावयाचे? पुढे सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरच केले की क्रम लावताना ती जागा आपण पाहत नाही.

गूगलचा उदय याच गोंधळातून झाला. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी निराळी खूण धरली. पान स्वतःविषयी काय म्हणते हे पाहण्याऐवजी इतर पाने त्याच्याकडे किती दुवे देतात, आणि ती पाने स्वतः किती वजनाची आहेत, हे त्यांनी मोजले. मूळ विचार विद्वत्तेच्या क्षेत्रातला होता. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख कोणी केला याची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध केली होती. या गणितावरील १९९९ च्या निबंधाच्या चार लेखकांत आयआयटी कानपूरचे पदवीधर राजीव मोटवानी यांचेही नाव आहे.

दुसऱ्याने केलेली स्तुती विकत मिळत नाही, अशी समजूत यामागे होती. ती फार दिवस टिकली नाही. दुवे विकले जाऊ लागले. एकमेकांची पाठ थोपटणारी शेकडो पाने उभी राहिली. लबाडी केवळ लहानसहान दुकानदारांचीच होती असेही नाही. २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या नामांकित मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ यंत्राला एक आणि वाचकाला दुसरे पान दाखविते, म्हणून गूगलने ते काही दिवस यादीतून काढून टाकले होते.

मग आली लेखांची शेती. लोक काय विचारतात याच्या याद्या करावयाच्या, आणि किरकोळ मोबदल्यावर त्या प्रत्येक प्रश्नावर एक लेख पाडून घ्यावयाचा. लेखकाला विषय ठाऊक असण्याची गरज नव्हती. उथळ पाण्याला खळखळाट फार! फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल केला. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलविले. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन'ने दुव्यांच्या व्यापाराला आळा घातला. २०१९ पासून वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध पाहण्याची शक्तीही यंत्रात आली.

या सर्व घडामोडींतून आम्हांला एकच सूत्र दिसते. गुणाची जी जी खूण यंत्राने धरली, तिची नक्कल झाली. आणि नक्कल झाली म्हणून यंत्राला दर वेळी गुणाच्या थोडे अधिक जवळ सरकावे लागले.

तथापि या विद्येला सरसकट नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. विचारणारा कोणता शब्द वापरतो, हा प्रश्न तिने लेखकाला विचारावयास लावले. डॉक्टर 'मधुमेह' लिहितो. रोगी 'शुगर' म्हणून शोधतो. मथळ्यात विषय स्पष्ट असावा, उत्तर आरंभीच द्यावे, पोटमथळे नेटके असावेत, हे तिचे नियम कोणत्याही चांगल्या शिक्षकाने मान्य करावेत असेच आहेत.

मराठीच्या बाबतीत या इतिहासाला निराळे वळण आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले. पण आमची पुष्कळ वृत्तपत्रे पुढे कित्येक वर्षे आपापल्या खास टंकांत पाने काढीत राहिली. डोळ्यांना ती मराठी दिसत. यंत्राला तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग वाटे. शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते लेखन नसल्यासारखेच होते. शिवाय आमची विभक्ती! 'पाणी' शोधावे तर पानावर 'पाण्याचा', 'पाण्यात', 'पाण्याला'. ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्राला शिकवावे लागते.

याहून गंभीर गोष्ट अशी, की जेथे पाने थोडी तेथे वाईट पानालाही वरचा क्रमांक सहज मिळतो. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली असता शेतकरी मराठीत उपाय विचारतो. वर आलेले पान जर कोणी शेत न पाहता, शब्द मोजून लिहिलेले असेल, तर त्याची किंमत त्या शेतकऱ्याच्या हंगामाला मोजावी लागते. इंग्रजीत असे पान दहा चांगल्या पानांखाली दबून जाईल. मराठीत त्याला दाबावयास दुसरे पान असेलच असे नाही.

आता आणखी एक पालट झाला आहे. मे २०२४ पासून अमेरिकेत, आणि त्याच वर्षी पुढे भारतातही, गूगल अनेक प्रश्नांना यादीच्या आधी स्वतःच जुळविलेले उत्तर देऊ लागले. वाचक पानापर्यंत येईलच असा भरवसा उरला नाही. पहिल्या क्रमांकासाठी लिहिणाऱ्याच्या पायाखालची जमीन त्यामुळे सरकली. परंतु ज्याने स्वतः शेत पाहिले, मोजले, शेतकऱ्याला विचारले आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवले, त्याचे लेखन व्यर्थ जात नाही. कारण यंत्राचे उत्तरही अखेर कोणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरातूनच उभे राहते. अशी पाने मराठीत वाढविणे हे आमचे तुमचे काम आहे. ते यंत्रावर सोपवून भागणार नाही.